नमुना क्रमांक चारशे सतरा

तिहोमीर ग्रुबाच एकोणतीस वर्षं एकाच खिडकीत बसत होता. परदेशातून येणारा खाण्याचा कुठलाही नवा पदार्थ त्या खिडकीत नोंद झाल्याशिवाय ब्रेझोवोच्या दुकानांत जात नसे. एवढ्या वर्षांत त्याने समुद्रातलं शेवाळ नोंदवलं होतं, निळं मीठ नोंदवलं होतं, एकदा तर कुत्र्यांची बिस्किटं माणसांच्या रकान्यात घालून दोन महिन्यांनी गुपचूप बाहेर काढली होती. पण वुकोसावाबाईंनी खिडकीत ठेवलेल्या बरणीपुढे त्याचं पेन अडलं.

"हे काय आहे?"

"लेबल वाचा की. तुमच्याच नियमाप्रमाणे तुमच्याच लिपीत छापून आणलंय."

लेबलावर लिहिलं होतं: स्लावाचा गहू, तयार, चारशे ग्रॅम. खाली बारीक अक्षरात बनवल्याचं ठिकाण, लिंझ, ऑस्ट्रिया.

तिहोमीरने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवसाचा गहू घरातल्या बाईने आदल्या दिवशी शिजवायचा, वाटायचा, साखर-अक्रोड घालून मळायचा, सकाळी चर्चमध्ये नेऊन त्याला आशीर्वाद घ्यायचा. मग दिवसभर जो कोणी दारात येईल त्याने आधी त्यातला एक चमचा खायचा आणि मग बसायचं. तो बरणीत भरून सीमेपलीकडून येईल, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसावं.

"बाई, गहू आपल्याकडे घरी शिजवतात."

"शिजवतात ना. ज्यांच्या घरी शिजवणारं कोणी असतं ते शिजवतात."

"आणि ज्यांच्या घरी नसतं?"

"ते माझं गिऱ्हाईक."

वुकोसावाबाई साठीच्या होत्या. तीस वर्षं लिंझमधल्या इस्पितळाच्या धोबीखान्यात काढून, नवऱ्याला तिथल्याच मातीत ठेवून, त्या मागच्या वर्षी ब्रेझोवोला परतल्या होत्या. गहू नणंदेच्या कारखान्यात तयार होत होता. तिहोमीरची बायको दोब्रिला दोन वर्षांपूर्वी गेली, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिहोमीरला मात्र आपल्या पाठीवर कुणीतरी गिऱ्हाईक म्हणून चिठ्ठी डकवल्यासारखं वाटलं.

तो बरणी घेऊन वरिष्ठ अधिकारी रायनाबाईंकडे गेला. रायनाबाईंनी वर्गवारीचं जाडजूड पुस्तक उघडलं.

"धान्यात टाका."

"शिजवलेलं आहे."

"मग मिठाईत."

"मिठाई विकत घेऊन खातात, मॅडम. याला आधी पाद्री लागतो."

"पाद्र्याचा रकाना आपल्याकडे नाही," रायनाबाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेत पाठवा. ते काय म्हणतात ते लिहू."

प्रयोगशाळा राजधानीत होती आणि तिची गाडी दर मंगळवारी सकाळी सव्वासातला यायची. कंपनी कोणती हे तिथे कळू नये म्हणून नमुना बरणीतून काढून कार्यालयाच्या पांढऱ्या डब्यात भरत आणि डब्याच्या बुडाला क्रमांकाची चिठ्ठी लावत. ते पांढरे डबे इतके मजबूत होते की कार्यालयातल्या प्रत्येकाच्या घरी लोणच्याला, पिठाला, खिळ्यांना तेच वापरले जायचे. तिहोमीरच्या स्वयंपाकघरात सात होते. वुकोसावाबाईंच्या गव्हाला क्रमांक मिळाला चारशे सतरा.

पुढच्या मंगळवारीच तिहोमीरच्या घरचा स्लावा होता. त्यांच्या घराण्याचा संत अलिंपिये, जो त्रेपन्न वर्षं एका खांबावर एकटा उभा राहिला. पाहुण्यांच्या बाबतीत याच्याकडे काही मागण्यात अर्थ नाही, असं दोब्रिला हसत म्हणायची. पण ती असताना त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसायची. स्लावाला बोलावणं करत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, यजमानाने फक्त दार उघडं ठेवून वाट बघायची. ती गेल्यावर पहिल्या वर्षी तिहोमीरने सकाळपासून दार उघडं ठेवलं, आणि संध्याकाळी चार वाजता विजेचं मीटर बघणारा आला. त्याने छातीवर क्रूस काढला, एक चमचा गहू खाल्ला, आकडा लिहून घेतला आणि गेला. दुसऱ्या वर्षी मीटरसुद्धा रस्त्यावरूनच वाचायची सोय झाली.

रविवारी लिंझहून मुलाचा, वेल्कोचा फोन आला.

"बाबा, कुणासाठी शिजवता एवढं? या ना इकडे. आपण दोघं करू."

"स्लावा सोडून कसं येऊ?"

"सोडू नका. मेणबत्ती घेऊन या."

मुलगा आपली कीव करतो, हे तिहोमीरला सहन होत नसे. मग तो म्हणाला, "असं करू. या वर्षी एकही माणूस आला नाही, तर मेणबत्ती, मूर्ती, सगळं घेऊन कायमचा तुझ्याकडे येतो. कोणी आलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"चालेल," वेल्को म्हणाला, आणि तो इतक्या लवकर चालेल म्हणाला की तिहोमीरला राग आला.

मागची दोन वर्षं गहू चर्चमधल्या बायकांनी शिजवून दिला होता; सोमवारी त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः शिजवला. दोब्रिलाच्या वहीत 'नेहमीइतका' आणि 'हाताला कळेल तोवर' एवढीच मापं होती. तीन वेळा चाखून, दोनदा रडकुंडीला येऊन शेवटी जे जमलं ते त्याने पांढऱ्या डब्यात भरलं. चोवीस माणसांचे मासे आणले, घेवडे भाजायला ठेवले, टेबलं जोडली. चोवीस ताटं मांडताना, इतकी कशाला, असं त्याला एकदाही वाटलं नाही. वाटू द्यायचं नाही असं त्याने ठरवलंच होतं.

मंगळवारी सकाळची सुट्टी रायनाबाईंनी दिली नाही. "गाडीला नमुना कोण देणार? सव्वासातला द्या आणि जा." म्हणून तिहोमीर पाव, वाईन, मेणबत्ती, काचेचा वाडगा आणि गव्हाचा डबा अशी पिशवी घेऊन सातला कार्यालयात पोचला. तिथले हीटर असे तापलेले होते की पाच मिनिटांत गहू आंबला असता. थंड जागा एकच होती, नमुन्यांचा फ्रीज. त्यावर पाटी होती: 'खासगी खाद्यपदार्थ ठेवण्यास सक्त मनाई.' खाली सही तिहोमीरचीच. त्याने आजूबाजूला बघितलं आणि डबा आत ठेवला.

गाडी आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एकोणतीस वर्षं तिहोमीर डबा उलटा करून बुडाचा क्रमांक बघितल्याशिवाय हातावेगळा करत नसे. त्या दिवशी मात्र त्याच्या डोक्यात चोवीस मासे पुरतील की उरतील हा हिशेब चालला होता. उरतील, हे मनाला पटत असतानाच त्याने एक डबा ड्रायव्हरला दिला, दुसरा पिशवीत घातला आणि चर्चची वाट धरली.

चर्चमध्ये त्याने गहू दोब्रिलाच्या काचेच्या वाडग्यात उलटा केला, वरून पिठीसाखर भुरभुरली, अक्रोडाच्या फोडी लावून क्रूस केला. फादर गेरासिमांनी मंत्र म्हटले, पाव फिरवला, कापला, गव्हावर वाईन शिंपडली आणि एक चमचा तोंडात टाकला.

"वा, तिहोमीर. सुरेख झालाय. दोब्रिलाचा जरा जड व्हायचा, देव तिला शांती देवो. हा हलका आहे."

तिहोमीरला हे आवडलं नाही. डबा पुसून पिशवीत टाकायला त्याने उलटा केला, तर बुडाला चिठ्ठी. चारशे सतरा.

"फादर," तो म्हणाला, "हा परत घेता येतो का?"

"काय परत?"

"आशीर्वाद."

फादर गेरासिमांनी चाळीस वर्षांत हा प्रश्न ऐकला नव्हता. त्यांनी तिहोमीरच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

नऊ वाजता तिहोमीर वाडगा हातात धरून रायनाबाईंच्या टेबलासमोर उभा होता. मध्ये मध्ये अडखळत त्याने सगळं सांगितलं. ऐकायला भांडारपाल झिवादिनही येऊन उभा राहिला. रायनाबाईंनी प्रयोगशाळेला फोन लावला.

"चारशे सतरा थांबवा. चुकीचा डबा आलाय."

"आता कसा थांबवणार?" पलीकडून आवाज आला. "गाडी आली तशी चवीची चाचणी उरकली. पाच जणांनी पाचपैकी पाच गुण दिलेत. अजून थोडा असेल तर पाठवा म्हणतायत."

एवढ्या संकटातही तिहोमीरची मान जरा ताठ झाली. रायनाबाईंनी फोन ठेवला.

"ते कागद मी रद्द करून घेते. हा मात्र आता नमुना राहिला नाही. साखर पडली, वाईन पडली. कलम चौदा." त्यांना ते तोंडपाठ होतं. "बाद नमुना मालकाच्या समक्ष, तीन जणांच्या समितीने, जाळून अथवा अन्य प्रकारे वापरातून कायमचा काढावा. वजन शून्य होईपर्यंत नोंद ठेवावी. झिवादिन, बॉयलर पेटलाय ना?"

झिवादिन जागचा हलला नाही.

"मॅडम, आशीर्वाद घेतलेला गहू आहे."

"मग?"

"मग तुम्ही टाका. मला दोन मुली आहेत."

रायनाबाईंनी वाडग्याकडे बघितलं. अक्रोडाचा क्रूस त्यांच्याकडेच तोंड करून होता. "मी चाळीस वर्षं देव मानत नाही," त्या म्हणाल्या, "पण म्हणून हे बॉयलरमध्ये टाकायची माझी तयारी नाही." मग बराच वेळ त्या कलम चौदा पुन्हा मनात म्हणत राहिल्या. "अन्य प्रकारे म्हणजे काय?"

"खाल्ला तर वापरातून कायमचाच गेला की," झिवादिन म्हणाला.

"कार्यालयात नमुना खाणं गुन्हा आहे."

"मग बाहेर खाऊ."

"बाहेर म्हणजे? रस्त्यावर? आशीर्वाद घेतलेला गहू?"

"जिथे या स्लावाची मेणबत्ती जळणार तिथे."

दोघांनी तिहोमीरकडे बघितलं. तिहोमीरने जमिनीकडे बघितलं. या म्हणण्याची सोय नव्हती. स्लावाला बोलावलं की सगळं मुसळ केरात, मग त्या पाहुण्याला पाहुणा कोण म्हणणार.

"मी बोलावत नाहीये," तो म्हणाला.

"आणि आम्ही येत नाही आहोत," रायनाबाई म्हणाल्या. "समिती येतेय. मालकीण बाईंना कळवा. आणि गव्हाला खरंच आशीर्वाद दिला याचा पुरावा लागेल. त्या पाद्र्यालाही घ्या."

दुपारी एक वाजता समिती पाचव्या मजल्यावर पोचली. पुढे रायनाबाई, मागे वजनकाटा छातीशी धरलेला झिवादिन, त्याच्यामागे फादर गेरासिम आणि शेवटी वुकोसावाबाई. आपला माल नष्ट करायला आपणच जायचंय हे त्यांना अजून नीटसं कळलं नव्हतं, पण रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून त्यांनी सोबत मोठी पिशवी आणली होती. दार उघडंच होतं. आत चोवीस ताटं, चोवीस पेले, चोवीस घड्या घातलेले रुमाल आणि एक जळती मेणबत्ती. खुर्चीवर कोणी नाही.

रायनाबाईंनी ताटं मोजली, कारण मोजल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"कोणी यायचं आहे का?" त्यांनी विचारलं.

"बोलावलेलं नाही कोणाला," तिहोमीर म्हणाला. "बोलावत नाहीत."

त्याला लाज वाटली. मासे दोनदा गरम करून झाले होते आणि तो वास सगळ्यांना येत होता. चार माणसं दारात उभी होती आणि त्यांतली दोन पगारी होती. वेल्कोला काय सांगायचं? बाबा, कोणी आलं होतं का? हो, समिती आली होती.

झिवादिनने वाडगा काट्यावर ठेवला आणि रिकाम्या वाडग्याचं वजन वजा केलं. पाद्र्यांचा सकाळचा चमचा गेला तरी वरच्या साखर-अक्रोडाने भरपाई झाली होती. बरोबर चारशे. एकेकाने पुढे होऊन क्रूस काढला, चमचाभर गहू खाल्ला. रायनाबाईंनी क्रूस काढला नाही, पण डोळे क्षणभर मिटले. वुकोसावाबाई, झिवादिन, फादर, शेवटी यजमान.

"माणशी पंधरा ग्रॅम," रायनाबाई लिहीत म्हणाल्या. "पाच जणांचे पंचाहत्तर. तीनशे पंचवीस शिल्लक. चला, दुसरा चमचा."

"दुसरा घेत नाहीत," फादर गेरासिम म्हणाले.

"का?"

"घेत नाहीत."

"कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. म्हणूनच कुणाला मोडता येत नाही."

रायनाबाईंना नियमाचं हे रूप नवीन होतं, पण आदर वाटण्यासारखं होतं. त्यांनी भागाकार केला. "म्हणजे अजून बावीस माणसं लागतील. तिहोमीर, बावीस माणसं आणा."

"मी कसा आणू? बोलावता येत नाही."

"तुम्ही नका. झिवादिन, खाली जा. एकेक दार वाजवा. सरकारी काम आहे म्हणून सांगा."

झिवादिन जिन्याने उतरत गेला. त्याचा आवाज वर ऐकू येत होता. "पाचव्या मजल्यावर या. नष्ट करायचंय. नाही हो, इमारत नाही, गहू. चमचाभर वेळ लागेल." दारं उघडू लागली. पहिले आले चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँडमास्तर, पायात सपाता घालून.

"अहो शेजारी, तुम्ही तर ऑस्ट्रियाला गेलात ना?"

"मी इथेच आहे. गुरुवारी आपण लिफ्टमध्ये भेटलो."

"ते खरं. पण दोन वर्षं तुम्ही जाणार जाणार म्हणताय. आम्हाला वाटलं, स्लावा मुलाकडे दिलात. एकदा मुलाला दिला की बापाच्या घरी स्लावा उरत नाही, मग कसं यायचं? चांगलं दिसतं का ते?"

दोन वर्षं कोणी 'कसे आहात' विचारलं की, चाललोय मुलाकडे, असं तिहोमीर सांगत होता. एकटे आहात असं कोणी म्हणू नये म्हणून सांगत होता. आणि लोकांनी शहाण्यासारखा त्यावर विश्वास ठेवला होता.

मग जिन्यावर पावलं वाढली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी आल्या, तळमजल्यावरचा चांभार आला, रायनाबाईंनी फोन केल्यावर कार्यालयातली माणसं 'कामावर आहोत' अशी वहीत सही करून आली. प्रत्येक जण आधी चमचा घेई, झिवादिन काट्याकडे बघून आकडा ओरडे, रायनाबाई लिहून घेत. आल्यासारखे लोक बसत होते. बसल्यासारखे मासे घेत होते. बँडमास्तर कोणाशी तरी हुज्जत घालू लागले. धाकट्या बहिणीने उठून घेवडे वाढायला घेतले. दोन वर्षांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता, आणि तिहोमीर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो नुसता ऐकत होता.

"एकशे नव्वद," झिवादिन म्हणाला.

तेव्हा तिहोमीरच्या लक्षात आलं की हे सगळे शून्याची वाट बघताहेत. शून्य झालं की सह्या होतील, काटा उचलला जाईल आणि माणसं सरकारी काम संपल्यासारखी उठून जातील. त्याने हळूच वाडग्यातला मोठा चमचा उचलला आणि त्याच्या जागी कॉफीचा छोटा ठेवला.

"हे काय, चमचा एवढासा?" चांभाराने विचारलं.

"मोठा धुवायला टाकलाय."

रायनाबाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग वहीत बघितलं. पुढचा आकडा लिहिला. पण छोट्या चमच्यानेही वजन एवढं सावकाश का उतरावं, हे तिहोमीरला कळेना. चार वाजता एकशे साठ होते. पाच वाजता, मध्ये सात माणसं येऊन गेली तरी, एकशे पंचावन्न. वुकोसावाबाई तेवढ्या वेळात वाडगा 'जरा सारखा करून आणते' म्हणून दोन-तीनदा स्वयंपाकघरात गेल्या आणि परत आल्या. सहाला कोणीतरी खिडकी उघडली, कारण आत उकडत होतं. बँडमास्तरांनी गाणं सुरू केलं आणि घरातली बाई गेलेली आहे हे आठवून मध्येच थांबवलं. तिहोमीरने त्यांना हाताने खूण केली. गा. तिला आवडायचं.

सातला काटा पंधरावर आला. लोक उठू लागले. जाताना प्रत्येक जण दारात नेहमीचं वाक्य बोलला, पुढच्या वर्षीही असाच साजरा होवो, आणि झिवादिनने सवयीने तेही ओरडून सांगितलं. रायनाबाईंनी वही मिटली.

"पंधरा ग्रॅम राहिले. उद्या बघू. नोंद उघडी ठेवते."

"आज संपवता आले असते, मॅडम," झिवादिन म्हणाला.

"कार्यालयाची वेळ केव्हाच संपली, झिवादिन."

सगळे गेल्यावर तिहोमीर ताटं गोळा करू लागला. कचऱ्याची पिशवी बांधताना आत काहीतरी किणकिणलं. त्याने हात घातला, तर कोबीच्या पानांखाली नीट झाकून ठेवलेल्या तीन रिकाम्या बरण्या, गिऱ्हाइकाला चव बघायला देतात तसल्या छोट्या. स्लावाचा गहू, तयार, लिंझ. तो खुर्चीवर बसला. एक बरणी पन्नास ग्रॅमची, तीन मिळून दीडशे. एका बाजूने तो चमचा लहान करत होता आणि दुसऱ्या बाजूने ती बाई वाडगा भरत होती. नोंद न झालेला परदेशी पदार्थ एकेचाळीस माणसांना खाऊ घातला होता, तोही नोंदणी अधिकाऱ्याच्या घरात, सरकारी काट्यावर. नोकरी जायला एवढं पुरे होतं. तिहोमीरने बरण्या धुतल्या, पुसल्या आणि फळीवर ओळीने मांडून ठेवल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा. कोणी आलं होतं का?"

"एकेचाळीस," तिहोमीर म्हणाला. "नोंद आहे."

"एकेचाळीस. वा. बरं झालं, बाबा. खरंच बरं झालं. मग तुम्ही येत नाही."

"तसंच ठरलं होतं आपलं."

"हो, तसंच ठरलं होतं."

तिहोमीरला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वेल्कोच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, एकावर एक ठेवल्याचा.

"काय करतोयस?"

"काही नाही. ताटं आवरतोय."

"एकट्याला किती ताटं लागतात?"

"बारा मांडली होती," वेल्को म्हणाला. "मेणबत्ती तुमच्याकडे असते म्हणून मी दुकानातली लावली. पण इथे कामाचा दिवस असतो ना, बाबा. सुट्टी काढून दार उघडं ठेवून बसलो होतो. समोरची म्हातारी आली एकदा. मला वाटलं, आली. ती म्हणाली, दार लावून घ्या, जिन्यात गारठा येतोय."

"मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी ती पण नव्हती आली."

तिहोमीर फोन धरून उभा राहिला. दोन वर्षं तो समजत होता की मुलगा त्याची कीव करतो. इकडे या, आपण दोघं करू, असं दर रविवारी सांगणाऱ्या पोराला स्वतःलाच कोणीतरी हवं होतं, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो घाईघाईने हवामानाविषयी बोलला आणि फोन ठेवून दिला.

सकाळी तो खिडकीत न बसता सरळ रायनाबाईंच्या टेबलाशी गेला. तिथे वुकोसावाबाई आधीच उभ्या होत्या. चारशे सतरा बाद झाल्यामुळे त्यांना नव्याने अर्ज करावा लागणार होता.

"नवा नमुना द्या," रायनाबाई म्हणाल्या.

"तो लिंझहून आणावा लागेल. उद्या गाडी घेऊन निघतेय."

"तुमच्या अर्जात तीन छोट्या बरण्या शिल्लक दाखवल्या होत्या ना?"

"फुटल्या."

"तीनही?"

"तीनही."

रायनाबाईंनी वहीतली कालची बेरीज त्यांच्यापुढे सरकवली. "चारशे ग्रॅममध्ये पंधराच्या हिशेबाने सव्वीस-सत्तावीस माणसं होतात. काल एकेचाळीस झाली, आणि चार ते पाचमध्ये सात माणसांनी मिळून पाचच ग्रॅम खाल्ले. मला गणित येतं." मग त्यांनी वही आपणच मिटली आणि तिहोमीरकडे वळल्या. "तुमचं काय?"

तिहोमीरने रजेचा अर्ज पुढे केला. त्यात त्याने सरकारी अक्षरात लिहिलं होतं. कारण: नमुना क्रमांक ४१७ चा उरलेला भाग नष्ट करणे. ठिकाण: लिंझ. कालावधी: दोन दिवस. हातात पांढरा डबा होता.

रायनाबाईंनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"किती शिल्लक आहे?"

"पंधरा ग्रॅम."

"म्हणजे एक माणूस."

"एकच माणूस आहे तिथे, मॅडम. माझा मुलगा."

वुकोसावाबाईंनी गाडीची किल्ली काढली आणि निघायला पहाटे पाच बरं पडेल असं म्हणाल्या. रायनाबाईंनी पेन उचललं, 'दोन दिवस' हे शब्द पट्टी लावून सरळ रेघेने खोडले, त्याच्या वर 'वजन शून्य होईपर्यंत' असं लिहिलं आणि सही केली.